निगेटिव्हवरचे पाण्याचे डाग: वेटिंग एजंट किती, कधी आणि कोणत्या पाण्यात?

करडी_छटा

नमस्कार मंडळी,

सहा महिन्यांपासून घरीच कृष्णधवल रोल धुते आहे. ३५ मिमी फिल्म, प्लास्टिकचं रीळ, एका रोलची टाकी. डेव्हलपर, स्टॉप बाथ, फिक्सर इथपर्यंत आता हात बसला आहे. अडतं ते अगदी शेवटी. रोल वाळला की प्रकाशात धरल्यावर त्यावर गोल गोल खुणा दिसतात. काही पुसट असतात, तर काहींना अगदी बांगडीसारखी कड असते. आकाश असलेल्या फ्रेममध्ये तर त्या लपतच नाहीत.

पाणी फिल्मवर थेंब न होता पसरावं म्हणून शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंट घालतात, माझ्याकडे कोडॅकचं फोटो-फ्लो आहे. सुरुवातीला त्याचे चार-पाच थेंब टाकायचे. डाग राहिले म्हणून दहा केले, मग टोपणभर. आता गोल डाग कमी झालेत, पण फिल्मवर तेलकट ओघळ येतात. शेवटच्या पाण्यात इतका फेस होतो की रीळ दिसत नाही. नळाचंच पाणी वापरते. नंतर दोन बोटांमध्ये फिल्म धरून निथळते आणि न्हाणीघरात टांगते.

नेमकं काय चुकतंय? थेंब वाढवू की कमी करू? वेटिंग एजंटनंतर पुन्हा साध्या पाण्याने धुवायचं असतं का? आणि आधीच डाग पडलेल्या रोलचं काही करता येईल का? त्यातल्या एका रोलमध्ये पुन्हा काढता येणार नाहीत असे फोटो आहेत.

लाल_दिवा

सगळ्यात आधी एक गोष्ट बघून सांगा. डाग फिल्मच्या कोणत्या बाजूला आहेत?

टेबललॅम्पखाली फिल्म तिरकी धरा, आरपार बघू नका. कडेला छापलेली अक्षरं आणि आकडे सरळ वाचता येतात तेव्हा तुमच्याकडे बेसची, म्हणजे पाठीची बाजू असते. ती चकचकीत दिसते. उलट बाजू इमल्शनची, म्हणजे प्रतिमा असलेल्या थराची. ती किंचित मंद दिसते आणि फिल्म सहसा त्याच बाजूला आत वळते. डाग कुठल्या बाजूला चमकतो ते बघा.

पाठीवर असेल तर काळजी नको, तो निघेल. इमल्शनवर असेल तर गोष्ट निराळी आहे. तोवर थेंब वाढवू नका, कमीही करू नका. मोजायला लागा. थेंबांनी मोजणं इथे चालत नाही, कारण बाटलीच्या तोंडावर थेंबाचा आकार ठरतो. सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज घ्या. फोटो-फ्लो २०० चं प्रमाण १:२०० आहे, म्हणजे एका लिटरला ५ मिली. तुमच्या टाकीत एका रोलला ३०० मिली पाणी लागत असेल, तर १.५ मिली. टोपणभर म्हणजे याच्या कितीतरी पट होतं, म्हणून ओघळ येतात.

आणि वेटिंग एजंटनंतर पुन्हा धुवायचं नाही. धुतलंत तर ते घातलंच नाही असं होईल.

करडी_छटा

काका, आत्ताच तीन रोल बघितले. बहुतेक सगळे डाग चकचकीत बाजूला आहेत. नख न लावता नुसत्या श्वासाची वाफ दिली आणि मऊ कापडाने हलकेच पुसलं, तर एक पुसट डाग निघालासुद्धा. पांढरी कड असलेले मात्र हलले नाहीत. आणि त्या महत्त्वाच्या रोलमधल्या १७ व्या फ्रेमवर एक बांगडी मंद बाजूला आहे.

रसायनी

तुमच्या वर्णनात तीन वेगवेगळे डाग एकत्र आलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाण्याचा पृष्ठताण २० अंश सेल्सिअसला सुमारे ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. द्रवांमध्ये हा आकडा मोठाच म्हणायचा. त्यामुळे ज्या पृष्ठाला पाण्याची ओढ नाही, तिथे पाणी स्वतःला आखडून घेतं आणि थेंब होऊन बसतं. फिल्मची पाठ म्हणजे प्लास्टिक, ती पाण्याला धरत नाही. इमल्शन म्हणजे जिलेटिन. ते पाणी पिऊन फुगलेलं असतं, म्हणून तिथे पाणी आपोआप पसरतं. तुमचे बहुतेक डाग पाठीवर का, याचं उत्तर यातच आहे.

वेटिंग एजंटच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, दुसरं पाण्यापासून पळतं. हे रेणू पाण्याच्या पृष्ठावर दाटीने उभे राहतात आणि पृष्ठताण ३० च्या घरात येतो. मग थेंब बसत नाही, पाण्याची सलग चादर होऊन खाली उतरते.

आता मात्रेबद्दल. पृष्ठावर रेणूंची जागा भरली की नंतर घातलेले रेणू पाण्यातच आपापसांत गोळे करून राहतात. या गोळ्यांना मायसेल म्हणतात. त्या मर्यादेपुढे कितीही ओता, पृष्ठताण जवळजवळ खाली जात नाही. फोटो-फ्लो २०० मधला मुख्य घटक ऑक्टिलफिनॉक्सी पॉलिएथॉक्सीइथेनॉल या जातीचा आहे. बाटलीत तो ५ ते १० टक्क्यांच्या घरात असतो. १:२०० केलंत तर ०.०२५ ते ०.०५ टक्के होतो. या जातीच्या रेणूंची मायसेलची मर्यादा साधारण ०.०१५ टक्क्यांवर येते. म्हणजे कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच तुम्ही मर्यादेच्या वर आहात. १:४०० केलंत तरी मर्यादेच्या आसपासच असता, म्हणून अर्ध्या प्रमाणातही अनेकांचं काम नीट होतं. टोपणभर घातल्यावर जे जास्तीचं असतं, ते पाणी उडून गेल्यावर फिल्मवरच उरतं. बाटलीत प्रोपिलीन ग्लायकॉलही बऱ्यापैकी असतं आणि ते सावकाश उडतं. तेलकट ओघळ म्हणजे हेच.

पांढरी कड मात्र फोटो-फ्लोची नाही. ती पाण्यातल्या क्षारांची आहे. कॅल्शियमचं बायकार्बोनेट पाण्यात विरघळलेलं असतं. पाणी उडालं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं. थेंब कडेकडून वाळत जातो, त्यामुळे क्षार कडेला साचतात. एका लिटरात ३०० मिलिग्रॅम क्षार असलेल्या पाण्याचा ०.०५ मिलीचा एक थेंब घेतला तर त्यात ०.०१५ मिलिग्रॅम क्षार असतील. आकडा क्षुल्लक वाटतो, पण ३५ मिमीची फ्रेम दहापट मोठी केल्यावर एवढंसंही डोळ्यात भरतं.

आता मुद्दा असा, की वेटिंग एजंट क्षार काढून टाकत नाही. तो पाणी पसरवतो, बस्स. पाण्यात क्षार असतील तर तेही पसरतील. थेंबाऐवजी पातळ धुरकट पडदा मिळेल. तुम्ही थेंबांची संख्या वाढवत गेलात, पण बदलायला हवं होतं ते पाणी.

१२०_वाला

रसायनींशी पूर्ण सहमत. मी शेवटची आंघोळ डिस्टिल्ड वॉटरमध्ये देतो आणि त्यातच फोटो-फ्लो घालतो. आधीची सगळी धुलाई नळाच्या पाण्याने. अख्ख्या धुलाईला डिस्टिल्ड लागत नाही, शेवटचे ३०० ते ५०० मिली पुरतात. डीमिनरलाइज्ड पाणीही चालतं.

१२०, म्हणजे ३५ मिमीपेक्षा रुंद रोल फिल्म वापरणाऱ्यांसाठी एक भर. १२० फिल्मला पाठीवरही जिलेटिनचा थर असतो, फिल्म गुंडाळली जाऊ नये म्हणून. त्यामुळे तिथे थेंब कमी बसतात, पण ओली असताना पाठही पुढच्या बाजूइतकीच नाजूक असते. "पाठच तर आहे, पुसून टाकू" ही ३५ मिमीची सवय १२० ला लावू नका.

धूळवेचा

मला एक विचारायचंय. भांडी घासायचा लिक्विड साबण एक थेंब घातला तर? तोही पृष्ठताण कमी करतोच ना? फोटो-फ्लोची बाटली सगळीकडे सहज मिळत नाही.

रसायनी

पृष्ठताण कमी करतो, हे खरं. पण त्या बाटलीत रंग, सुवास, घट्टपणासाठी मीठ, हात कोरडे पडू नयेत म्हणून घातलेले पदार्थ असं बरंच काही असतं. हे सगळं फिल्मवर वाळणार आणि पुढची कित्येक वर्षं जिलेटिनला लागून राहणार. खऱ्याखुऱ्या साबणाने तर आणखी बिघडतं. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातल्या कॅल्शियमशी तो संयोग पावतो आणि चिकट साका धरतो. फोटो-फ्लोमधला घटक विद्युतभार नसलेला आहे, कॅल्शियमशी त्याचं काही भांडण होत नाही.

इल्फोर्डचं इल्फोटॉल, अॅडॉक्सचं अॅडोफ्लो, टेटेनालचं मिरासोल हेही याच कामाचे आहेत. प्रत्येकाची तीव्रता वेगळी असते, म्हणून बाटलीवरचं प्रमाण वाचायचं. एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका. फोटो-फ्लोतसुद्धा २०० आणि ६०० असे दोन प्रकार आहेत. ६०० तिप्पट तीव्र असतं, त्याचं प्रमाण १:६००. एक छोटी बाटली दोनशे पट पाण्यात जाते, वर्षानुवर्षं पुरते. साबणाची जोखीम घेण्याइतकं त्यात वाचत काहीच नाही.

लाल_दिवा

साबण नकोच. काहीच नसेल तर नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात एक मिनिट ठेवून टांगा. थेंब बसतील, पण ते वाळल्यावर मागे राहायला फारसं काही नसेल. हा मार्ग साबणापेक्षा केव्हाही बरा.

आता करडी_छटा यांच्या बोटांबद्दल. दोन बोटांमध्ये धरून निथळणं बंद करा, असं मी अगदी आग्रहाने सांगतो. ओलं इमल्शन फुगलेलं आणि मऊ असतं. बोटाला वाळूचा एक कण लागलेला असला की पहिल्या फ्रेमपासून छत्तिसाव्यापर्यंत सरळ रेघ. माझ्या एका रोलवर अशी रेघ आहे. तिला ना वेटिंग एजंट बरं करतो, ना कुठलं रसायन. रबरी पट्ट्यांच्या स्क्वीजीलाही माझा तोच आक्षेप. रबर जुनं होतं, कडेला कण चिकटतात, आणि हे कळतं ते रोल गेल्यावर.

१२०_वाला

काका, इथे थोडा मतभेद नोंदवतो. इल्फोर्डच्या फिल्मसोबतच्या माहितीपत्रकात स्वच्छ स्क्वीजी किंवा शॅमॉय कातड्याने फिल्म पुसून मग टांगायला सांगितलेलं असतं. ज्यांनी फिल्म बनवली तेच सांगतात तर सरसकट नाही कसं म्हणायचं?

लाल_दिवा

तुमचा मुद्दा खरा आहे, तसं लिहिलेलं असतं. 'स्वच्छ' या शब्दावर सगळी भिस्त आहे. लॅबमध्ये रोज वापरली जाणारी, रोज धुतली जाणारी, झाकून ठेवलेली स्क्वीजी आणि महिन्यातून दोनदा खणातून बाहेर येणारी स्क्वीजी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. घरी आठ-पंधरा दिवसांनी एखादा रोल धुणाऱ्याला मी ती कधीच सुचवणार नाही. डिस्टिल्ड पाणी आणि मोजलेला वेटिंग एजंट असेल तर पुसायची गरजच राहत नाही. मग ती जोखीम कशासाठी?

पाठ पुसायचीच असेल तर ३५ मिमीची फक्त पाठ, टांगल्यानंतर, वेटिंग एजंटच्याच पाण्यात भिजवून पिळलेल्या धागे न सुटणाऱ्या कापडाने, वरून खाली एकदाच. इमल्शनला हात नाही.

१२०_वाला

एवढ्यावर आपलं जमलं. मी स्वतः पुसत नाहीच. माहितीपत्रकात काय आहे ते वाचणाऱ्यांना कळावं म्हणून लिहिलं.

ओली_फ्रेम

रिळाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. करडी_छटा, तुमची फिल्म वेटिंग एजंटमध्ये जाते तेव्हा रिळावरच असते ना? प्लास्टिकच्या रिळाला हे मानवत नाही. खाचांमध्ये ते वाळून चिकट थर धरतं. मग पुढच्या वेळी अंधारात फिल्म चढवताना अर्ध्यावर अडकते. ज्या रिळांत फिल्म पुढे सरकवायला छोट्या गोळ्या असतात, तिथे त्या गोळ्याही जाम होतात. वर्षभर मला वाटायचं की माझाच हात बसत नाहीये. गरम पाणी आणि जुना मऊ टूथब्रश घेऊन खाचा घासल्या, रीळ पूर्ण वाळवलं, आणि फिल्म सुरकन चढली.

तेव्हापासून मी फिल्म आधी रिळावरून काढते. रुंद तोंडाच्या भांड्यात डिस्टिल्ड पाणी आणि फोटो-फ्लो. फिल्मची दोन्ही टोकं धरून तिचा झोका करायचा आणि हळूहळू पाण्यातून इकडून तिकडे न्यायचा. तीस सेकंद ते एक मिनिट, बस. हे भांडं आणि टाकी वेगळी ठेवा. टाकीत वेटिंग एजंट उरला तर पुढच्या रोलला डेव्हलपरचा फेस होतो.

आणि ढवळायचं नाही, हलवायचं नाही! टाकी उलटसुलट केली की फेस, फेसाचे बुडबुडे फिल्मवर, आणि प्रत्येक बुडबुड्याची एक बांगडी. तुमच्या बांगड्यांपैकी काही नक्की बुडबुड्यांच्या असणार.

धूळवेचा

हे फार उपयोगी आहे. माझंही रीळ अडकतं. टांगण्याबद्दलही कुणीतरी लिहा. माझ्या फिल्मवर सगळ्यात जास्त डाग वरच्या टोकाला येतात, खाली नाही. हे उलटं का?

लाल_दिवा

चिमट्यामुळे. चिमट्याच्या जबड्यात पाणी अडकून राहतं. फिल्म निम्मी वाळत आली की ते सावकाश सुटतं आणि वाळलेल्या भागावरून ओघळतं. असा उशिरा आलेला ओघळ सर्वांत वाईट, कारण आजूबाजूचं जिलेटिन तोवर आकसलेलं असतं. चिमटा लावायच्या आधी वेटिंग एजंटच्या पाण्यात बुडवून झटका, आणि जमल्यास फोटो नसलेल्या भागालाच लावा. छिद्रांतही पाणी अडकतं.

मी फिल्म सरळ टांगत नाही. दोरीवर दोन टोकं लांब ठेवून तिरकी ताणतो. पाणी फिल्मच्या रुंदीवरून एका कडेला येतं आणि त्या कडेने खाली जातं. पाण्याला फोटोवरून दीड मीटर प्रवास करावा लागत नाही, फक्त ३५ मिलिमीटर करावा लागतो. सरळ टांगायची जागा असेल तर खालच्या टोकाला वजनाचा चिमटा लावा.

धुळीसाठी न्हाणीघर योग्यच. आधी गरम पाण्याचा शॉवर काही मिनिटं सोडून बंद करा, वाफेबरोबर हवेतली धूळ खाली बसते. मग फिल्म टांगा, दार लावा आणि दोन-तीन तास आत जाऊ नका. पंखा नाही, हेअर ड्रायर तर मुळीच नाही. वाळवायचं कपाट असेल तर ३० ते ४० अंश पुरे.

रंगीत_पट्टी

रंगीत फिल्म धुणाऱ्यांसाठी एक सावधगिरी लिहून ठेवतो, कारण हा धागा वाचून कुणीतरी सी-४१ च्या, म्हणजे रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या प्रक्रियेच्या शेवटी नुसतं फोटो-फ्लो वापरेल.

कृष्णधवल निगेटिव्हमध्ये प्रतिमा चांदीची असते. रंगीत फिल्ममध्ये ब्लीच आणि फिक्समध्ये चांदी निघून जाते, उरतात ते फक्त रंग आणि जिलेटिन. जिलेटिन म्हणजे बुरशीचं आवडतं अन्न, आणि तिला आवरणारी चांदी तर गेलेली. म्हणून रंगीत प्रक्रियेच्या शेवटच्या फायनल रिन्समध्ये वेटिंग एजंटबरोबर बुरशी रोखणारा घटकही असतो. जुन्या प्रक्रियेत तिथे स्टॅबिलायझर असायचा, त्यात फॉर्मल्डिहाइड. त्या काळच्या फिल्ममधला किरमिजी रंग टिकण्यासाठी त्याची गरज होती. तेव्हा सी-४१ ला किटमधलीच शेवटची बाटली वापरा. नुसतं फोटो-फ्लो वापरलंत तर फिल्म आज स्वच्छ दिसेल, पण बुरशीपासून तिचं रक्षण होणार नाही.

स्कॅन करणाऱ्यांसाठी अजून एक. स्कॅनरमधली धूळ पुसणारी अवरक्त किरणांची सोय रंगीत फिल्मवर छान चालते. पारंपरिक कृष्णधवलवर ती चालत नाही, कारण चांदी ते किरण अडवते आणि यंत्राला सगळी प्रतिमाच धूळ वाटते. त्यामुळे कृष्णधवलला वाळतानाच जपायला हवं.

करडी_छटा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आज मी एक प्रयोग करून बघितला. बिघडलेल्या एका रोलचे पाच तुकडे केले, प्रत्येकाला पेनाने कडेला आकडा घातला, दहा मिनिटं भिजवले आणि पाच वेगवेगळ्या शेवटच्या पाण्यांतून काढून एकाच दोरीवर टांगले.

पहिला, नुसतं नळाचं पाणी. पाठीवर पंचवीस-तीस थेंब, वाळल्यावर प्रत्येकाची पांढरी कड.

दुसरा, नळाचं पाणी आणि १:२०० फोटो-फ्लो. एकही गोल डाग नाही, पण लॅम्पखाली तिरकं धरलं की खालच्या तिसऱ्या भागावर धुरकट पडदा. रसायनींनी लिहिलं होतं अगदी तसाच!

तिसरा, नुसतं डिस्टिल्ड. ओलं असताना थेंब पहिल्याइतकेच होते, मला वाटलं हाही गेला. वाळल्यावर शोधावे लागले.

चौथा, डिस्टिल्ड आणि १:४००. स्वच्छ. काही म्हणजे काहीच नाही.

पाचवा माझ्या जुन्या मापाने टोपणभर, पण डिस्टिल्डमध्ये. चिकट ओघळ, आणि बोटाचा ठसा उमटला इतका थर.

दुसरा आणि तिसरा शेजारी धरून बराच वेळ बघत बसले होते. फोटो-फ्लोशिवायचं चांगलं पाणी, फोटो-फ्लो घातलेल्या जड पाण्यापेक्षा सरस ठरलं. दोन्ही एकत्र आल्यावर प्रश्न मिटला.

आता राहिले ते जुने तीन रोल आणि ती १७ वी फ्रेम.

रसायनी

प्रयोग उत्तम. एका वेळी एकच गोष्ट बदललीत म्हणून उत्तर इतकं स्पष्ट आलं.

जुन्या रोलच्या पाठीवरचे क्षार कॅल्शियम कार्बोनेटचे असतील तर सौम्य आम्लात विरघळतील. २ टक्क्यांच्या आसपासचं अॅसिटिक अॅसिड पुरे. साधं पांढरं व्हिनेगर ४ ते ५ टक्क्यांचं असतं, त्यात तेवढंच किंवा किंचित जास्त डिस्टिल्ड पाणी घाला. रंग घातलेला, मसाला घातलेला प्रकार नको. २० अंशांना दोन-तीन मिनिटं ठेवा, मग नीट धुवा. सगळ्या पाण्यांचं तापमान एकमेकांच्या जवळ ठेवा. गरम-गार झटके बसले तर जिलेटिनला सुरकुत्या पडतात, आणि तो दोष परत जात नाही. आधी त्या बिघडलेल्या रोलच्या तुकड्यावर करून बघा, मग बाकीच्यांवर.

धुण्यासाठी इल्फोर्डची टाकीतली पद्धत सोपी आहे. पाणी भरून पाच वेळा उलटसुलट करा, ओता. नवं पाणी, दहा वेळा, ओता. नवं पाणी, वीस वेळा, ओता. जिलेटिन कठीण न करणाऱ्या फिक्सरनंतर फिल्मला एवढं पुरतं. धुलाई म्हणजे जिलेटिनमधलं रसायन बाहेरच्या पाण्यात झिरपणं. बाहेरचं पाणी बदललं की झिरपणं पुन्हा जोमाने सुरू होतं. मग शेवटचं डिस्टिल्ड आणि वेटिंग एजंट.

१७ व्या फ्रेमबद्दल मात्र आशा थोडी आवरून ठेवा. तिथे वरून काही बसलेलं नाही. इमल्शनवर थेंब राहिला, भोवतालचं जिलेटिन आधी वाळून आकसलं, थेंबाखालचं शेवटी. त्या ओढाताणीत जिलेटिनच ताणलं गेलं आणि चांदीच्या कणांची दाटी तिथे बदलली. पुन्हा पूर्ण भिजवून, फुगू देऊन, सावकाश आणि सारखं वाळवलं तर कधी कधी डाग सौम्य होतो. कधी होत नाही.

ओली_फ्रेम

एक राहिलं. वापरलेलं वेटिंग एजंटचं पाणी बाटलीत भरून ठेवू नका. पातळ द्रावणात काही दिवसांत शेवाळासारखे तंतू धरतात आणि पुढच्या फिल्मवर चिकटतात. दर वेळी नवं करायचं. १:४०० साठी ३०० मिलीला पाऊण मिली लागतं. एवढं मोजायला जड जात असेल तर १० मिली पाण्यात १ मिली फोटो-फ्लो असं आधी पातळ करून त्यातलं साधारण ८ मिली घ्यायचं.

धूळवेचा

रीळ घासलं. आज अंधारात पहिल्या प्रयत्नात फिल्म शेवटपर्यंत गेली. आभार.

वाळवायची घाई असेल तेव्हा शेवटच्या पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल घालावं का? बरेच लोक घालतात म्हणे.

लाल_दिवा

थोडं घातलं तर पाणी लवकर उडतं, हे खरं. पण घाई हेच कारण असेल तर नका घालू. तीव्र अल्कोहोल जिलेटिनमधलं पाणी एकदम ओढून घेतं, फिल्म दुधाळ होऊ शकते, वळते. फिल्म रात्री टांगा, सकाळी काढा. सकाळपर्यंत धीर धरण्याइतका दुसरा चांगला उपाय मला ठाऊक नाही.

करडी_छटा

शेवटची बातमी देते.

तिन्ही रोल पातळ व्हिनेगरमधून काढले, धुतले, डिस्टिल्ड आणि १:४०० मध्ये झोके दिले, तिरके टांगले. चिमटे बुडवून झटकले. पाठीवरच्या सगळ्या पांढऱ्या कडा गेल्या. एक रोल तर मी जवळजवळ सोडून दिला होता, तो आज स्कॅन केला.

१७ व्या फ्रेमचा तुकडा अर्धा तास भिजवला, शॉवरची वाफ बसू दिल्यावर न्हाणीघरात टांगला आणि दार सकाळी उघडलं. बांगडी गेलेली नाही. पूर्वी अख्खं वर्तुळ दिसायचं, आता साधारण अर्धी कमान उरली आहे, आणि तीही फिकी. ती नेमकी आजीच्या खांद्यामागच्या भिंतीवर येते. काका, मोठं करताना याचं काही होईल?

लाल_दिवा

निगेटिव्हमध्ये ती कमान भोवतालापेक्षा गडद आहे की फिकी?

करडी_छटा

गडद.

लाल_दिवा

मग बरं झालं. निगेटिव्हवर गडद म्हणजे प्रिंटवर फिकी येणार, आणि फिकी रेघ स्पॉटिंगच्या, म्हणजे प्रिंटवरचे डाग भरायच्या शाईने भरता येते. उलट असती तर प्रिंटवर काळी आली असती, आणि ती खरवडून काढायला फार कष्ट पडतात. प्रिंट पूर्ण वाळू द्या. बारीक टोकाचा ब्रश, शाई भिंतीच्या करड्यापेक्षा फिकी. रेघ ओढायची नाही, ठिपका ठिपका द्यायचा, आणि प्रत्येक ठिपका वाळला की पुढचा. आधी वाया गेलेल्या एखाद्या प्रिंटवर हात बसवा. प्रिंट मोठी करायला डिफ्यूजन एन्लार्जर, म्हणजे प्रकाश पसरवून टाकणारा मिळाला तर तोच वापरा, भिंगांनी प्रकाश एकवटणाऱ्या कंडेन्सरखाली अशा खुणा जास्त उठून दिसतात.

करडी_छटा

डिफ्यूजनचा मिळेल. रविवारी प्रिंट करते आणि ब्रश लावायच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही इथेच टाकते.